टेनिस क्लबमध्ये नव्याने दाखल होताना

टेनिस शिकायचे ठरवलेला माणूस बहुधा रॅकेटपासून सुरुवात करतो. दुकानात जाऊन चार रॅकेट हातात तोलून पाहतो, त्यांतली एक घरी आणतो आणि पुढचा महिनाभर ती कपाटामागे उभी राहते, कारण पलीकडून चेंडू परत मारायला कोणी नसते. कोर्ट तासाच्या भाड्याने मिळते, चेंडू विकत मिळतात, प्रशिक्षकही मोबदला देऊन मिळतो. परंतु आपल्याच ताकदीचा, आपल्याच वेळेला मोकळा असणारा आणि आपले चार चेंडू ओळीने जाळीत गेले तरी न वैतागणारा जोडीदार असा कुठे मिळत नाही. जवळच्या एखाद्या छोट्या, मनमोकळ्या क्लबकडून नवख्याला जे मिळायला हवे ते मुख्यतः हे आहे. लॉन टेनिसचा जगातील पहिला क्लब मानला जातो तो १८७२ साली इंग्लंडमधील लेमिंग्टन येथे हॅरी जेम आणि ऑगुरिओ परेरा या दोन मित्रांनी दोन स्थानिक डॉक्टरांना सोबत घेऊन काढला; म्हणजे दुहेरीचा एक सामना लावायला जितकी माणसे लागतात तितकीच माणसे क्लब काढायलाही पुरली. पुढील टप्पे वाचताना हीच कसोटी हाताशी ठेवावी: या क्लबमध्ये मला खेळायला माणूस किती लवकर आणि किती सहज मिळेल?

पहिला टप्पा : अर्जाआधी पाहणी

सभासदत्वाचा अर्ज मागण्यापूर्वी क्लबला किमान दोनदा भेट द्यावी, एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा एरवी. गर्दीच्या वेळी क्लबची माणसे कळतात, एरवी कोर्टांची निगा कळते. फाटकाजवळ किंवा बाकावर पंधरा-वीस मिनिटे नुसते बसावे आणि आपल्याशी कोणी आपणहून बोलते का, हे पाहावे. एखादा सभासद चेंडू गोळा करता करता "खेळायला आलात का?" एवढे विचारून गेला, तर तो क्लब चांगला चालला आहे असे समजायला हरकत नाही. उलट, तेच चौघे दीड तास कोर्ट अडवून बसले आहेत आणि बाहेर थांबलेल्यांकडे कोणाचे लक्ष नाही असे दिसले, तर भिंतींचा रंग कितीही ताजा असला तरी सावध व्हावे.

त्यानंतर कोर्टांकडे पाहावे. हार्ड, म्हणजे सिमेंट किंवा डांबराच्या कोर्टवर चेंडूचा टप्पा एकसारखा पडतो आणि पाऊस थांबल्यावर ते लवकर वाळते, मात्र गुडघ्यांवर त्याचा भार जास्त येतो. मातीच्या, म्हणजे क्ले कोर्टवर चेंडू टप्प्यानंतर मंदावतो आणि उंच उठतो. त्यामुळे नवख्याला चेंडूपर्यंत पोचायला वेळ मिळतो आणि रॅली, म्हणजे फटक्यांची देवाणघेवाण, लांबते. खऱ्या गवताच्या कोर्टवर चेंडू खाली राहतो आणि सरकत येतो. अशी कोर्टे राखणे फार खर्चाचे असल्याने छोट्या क्लबमध्ये ती क्वचित आढळतात. वाळू भरलेल्या कृत्रिम गवतावरही टप्पा कमी उठतो, पण पावसानंतर तिथे लवकर खेळता येते. शिकाऊ माणसाला पर्याय असेल तर मी माती सुचवीन, परंतु केवळ पृष्ठभागासाठी दूरचा क्लब निवडू नये. ज्या क्लबला पोचायला त्रास होतो तिथले जाणे हळूहळू कमी होत जाते.

कोर्टाची लांबी २३.७७ मीटर असते आणि रुंदी एकेरीसाठी ८.२३ मीटर तर दुहेरीसाठी १०.९७ मीटर. ही मापे सगळीकडे सारखीच असतात, त्यामुळे ती मोजत बसण्याचे कारण नाही. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे रेषांबाहेरची मोकळी जागा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या शिफारशीनुसार क्लब पातळीच्या खेळासाठी बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे किमान ५.४८ मीटर आणि बाजूला किमान ३.०५ मीटर जागा असावी. बेसलाइनपासून मागच्या कुंपणापर्यंत मोठ्या ढांगा टाकून पाहाव्यात. सहाच्या आसपास ढांगा बसल्या तर उंच उडालेल्या चेंडूमागे धावताना कुंपणावर आपटण्याची भीती राहत नाही. जाळीची उंची मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असायला हवी. ती तपासायला टेप लागत नाही: एक रॅकेट उभी धरून तिच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटचे डोके आडवे ठेवले की जवळजवळ तेवढी उंची भरते. जाळीचा मधला पट्टा सैल लोंबत असेल, तर त्या क्लबमध्ये रोज कोणी त्याच्याकडे पाहत नाही इतके त्यावरून कळते.

सरावाची भिंत असेल तर ती पाहून ठेवावी. नव्या क्लबमध्ये कोणाची ओळख नसते, त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भिंतीचा मोठा आधार असतो.

दुसरा टप्पा : चिटणीसांकडे करायची चौकशी

बहुतेक छोटे क्लब सभासदांनीच निवडून दिलेल्या समितीमार्फत चालतात आणि चिटणीस, खजिनदार ही माणसे आपला व्यवसाय सांभाळून हे काम करत असतात, याचे भान ठेवून प्रश्न एकत्र लिहून न्यावेत आणि एकाच भेटीत विचारावेत.

सभासदत्वाचे प्रकार कोणते, हा पहिला प्रश्न. पूर्ण सभासदत्व, केवळ कमी गर्दीच्या वेळांपुरते सभासदत्व, कुटुंबासाठी, विद्यार्थ्यांसाठी, ज्येष्ठांसाठी असे प्रकार सहसा असतात, आणि काही क्लब महिना-दोन महिन्यांचे तात्पुरते सभासदत्वही देतात. तात्पुरते मिळत असेल तर प्रथम तेच घ्यावे. वर्गणीत काय येते आणि काय येत नाही, हे नीट विचारून घेणे आवश्यक आहे; प्रकाशझोतातील खेळाचे शुल्क, प्रशिक्षणाचे शुल्क, चेंडू आणि पाहुण्या खेळाडूचे शुल्क या चार बाबी बहुधा वेगळ्या असतात आणि वर्षाच्या शेवटी त्यांची बेरीज वर्गणीच्या जवळ जाऊन पोचते.

कोर्ट आरक्षणाचा नियम हा दुसरा प्रश्न. किती दिवस आधी कोर्ट राखून ठेवता येते, एका सभासदाला एका वेळी किती आरक्षणे करता येतात, न येता कोर्ट अडवून ठेवल्यास काय होते आणि आरक्षणासाठी दोन सभासदांची नावे लागतात का, हे विचारावे. शेवटचा मुद्दा नवख्याच्या दृष्टीने कळीचा आहे. दोन नावे लागत असतील आणि तुमच्या ओळखीचा एकही सभासद नसेल, तर पूर्ण वर्गणी भरूनही कोर्ट तुमच्या नावावर मिळणार नाही.

म्हणून तिसरा प्रश्न असा विचारावा: "नवीन सभासदाला खेळायला जोडीदार मिळावा यासाठी क्लबमध्ये काय व्यवस्था आहे?" या प्रश्नाचे उत्तर ऐकताना घाई करू नये. "या, मिळेल कोणीतरी" हे उत्तर प्रेमाचे असले तरी ती व्यवस्था नव्हे. ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी चालणारा खुला खेळ, खेळू इच्छिणाऱ्यांची नावे आणि त्यांची पातळी लिहिलेला फलक किंवा मोबाइलवरचा गट, नव्या सभासदाला पहिल्या महिन्यापुरता सोबत देणारा एखादा जुना सभासद, यांपैकी एखादी ठोस गोष्ट ऐकू आली पाहिजे.

मुलांना पाठवायचे असेल तर प्रशिक्षकांची पात्रता आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी क्लबमध्ये कोण जबाबदार आहे, हे संकोच न करता विचारावे. चांगल्या क्लबला या प्रश्नाचा राग येत नाही.

तिसरा टप्पा : साहित्य, आणि त्यातही आधी बूट

रॅकेटपेक्षा बूट महत्त्वाचे, हे मी स्वानुभवाने सांगतो. पहिल्या दिवशी मी धावण्याचे बूट घालून क्लबवर गेलो होतो. तळवे काळे होते, कोर्ट नव्याने रंगवलेले होते, आणि एका वयस्कर सभासदाने अतिशय अदबीने मला रेषेबाहेरच थांबवले. त्या सायंकाळी मी केवळ पाहत बसलो, आणि मागाहून कळले की मुद्दा केवळ डागांचा नव्हता. धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. त्यांची टाच उंच आणि मऊ असते. टेनिसमध्ये बराचसा वेळ आडवे पळावे लागते, आणि आडवे पळताना एकदम थांबलो की उंच, मऊ टाचेवर घोटा मुरगळतो. टेनिसचे बूट तळाशी रुंद, बाजूंनी कडक आणि जमिनीला जवळ असतात. माती किंवा कृत्रिम गवत असेल तर तळव्यावर नागमोडी खाचा असलेले बूट घ्यावेत. ती नक्षी जमीन धरून ठेवते, तरीही तिच्यात माती अडकून राहत नाही.

रॅकेट निवडताना प्रसिद्ध खेळाडूची रॅकेट घेण्याचा मोह टाळावा, कारण ती बहुधा जड असते, तिचे डोके लहान असते आणि चेंडू नेमका मध्यावर न लागल्यास ती माफ करत नाही. प्रौढांच्या रॅकेटची लांबी साधारणपणे २७ इंच असते. नवख्याने डोक्याचे क्षेत्रफळ १०० ते १०५ चौरस इंच आणि तारांविना वजन २६० ते २८५ ग्रॅमच्या आसपास असलेली रॅकेट पाहावी. मुठीचे माप पाहण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे: रॅकेट फोरहँडसाठी, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायच्या फटक्यासाठी, धरावी आणि बोटांची टोके व तळव्याचा फुगवटा यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालून पाहावी. ती सैलही नाही आणि घट्टही नाही अशी बसली तर माप योग्य. दोन मापांमध्ये मन अडकले तर लहान माप घ्यावे, कारण वरून पट्टी गुंडाळून मूठ जाड करता येते, पातळ करणे मात्र कठीण असते. क्लबमध्ये प्रशिक्षकाकडे पाच-सहा रॅकेट वापरून पाहायला ठेवलेल्या असतात. खरेदीआधी त्या दोन-तीन आठवडे वापराव्यात.

तारा, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत गटिंग, फार घट्ट करून घेऊ नये. घट्ट तारांमुळे चेंडूवर नियंत्रण येते खरे, पण प्रत्येक फटक्याचा धक्का कोपरापर्यंत पोचतो. अति ताठ तारा, न पेलणारी रॅकेट आणि मनगटाने मारलेला बॅकहँड (हाताची पाठ पुढे ठेवून मारायचा फटका) हे तिन्ही एकत्र आले की टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचे चिवट दुखणे, मागे लागतो. आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलावे, असा खेळाडूंमध्ये एक ढोबळ हिशेब आहे आणि तो पुरेसा आहे.

चेंडूंबद्दल इतकेच माहीत असावे की डबा उघडताना जो फस्स आवाज येतो तो आतल्या दाबाचा असतो, आणि त्या क्षणापासून चेंडूंतला दाब कमी होऊ लागतो. नियमानुसार चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला असता सुमारे १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे: नवा आणि जुना चेंडू एकदम खांद्याच्या उंचीवरून सोडावेत, जुना गुडघ्याच्या आसपासच राहिला तर तो सर्व्हिसच्या, म्हणजे गुण सुरू करणाऱ्या फटक्याच्या, सरावासाठी वेगळा काढावा.

चौथा टप्पा : गटातील प्रशिक्षण

पहिल्या दोन महिन्यांत वैयक्तिक शिकवणीपेक्षा गटातील प्रशिक्षणाला जावे, असे माझे मत आहे. वैयक्तिक शिकवणीत फटका लवकर सुधारतो हे खरे, पण तास संपला की तुम्ही पुन्हा एकटे असता. गटात सहा-आठ जण असतात, सगळेच सारखे चुकत असतात आणि तासानंतर "परवा अर्धा तास मारायचे का?" असे विचारण्याइतकी ओळख आपोआप होते. माझे पहिले तीन जोडीदार असेच मिळाले.

चांगला प्रशिक्षक नवख्याला लगेच बेसलाइनवर उभा करत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली सुरू केलेल्या कार्यक्रमामुळे लहान कोर्टे आणि मंद चेंडूंची पद्धत जगभर रुळली आहे. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो आणि तो साधारण ११ मीटर लांबीच्या कोर्टवर खेळतात; नारिंगी चेंडू सुमारे ५० टक्के मंद आणि कोर्ट १८ मीटरचे; हिरवा ठिपका असलेला चेंडू सुमारे २५ टक्के मंद आणि कोर्ट पूर्ण लांबीचे. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत २०१२ पासून नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही. ही पद्धत केवळ मुलांसाठी आहे असा गैरसमज असतो, आणि प्रौढ माणसाला नारिंगी चेंडू दिला की त्याला थोडे अपमान झाल्यासारखे वाटते. मात्र त्याच माणसाची पिवळ्या चेंडूने रॅली तीन फटक्यांवर संपते आणि नारिंगी चेंडूने पंधरापर्यंत जाते, तेव्हा तक्रार राहत नाही.

प्रशिक्षणात पहिल्यांदा जे साधायचे ते फटक्याचे सौंदर्य नव्हे. चेंडू आपल्या कमरेच्या उंचीवर, शरीरापुढे घेता यावा, तो जाळीवरून पुरेशा उंचीने जावा आणि दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी संधी, हळू का होईना पण चौकटीत पडावी, इतके जमले की माणूस क्लबच्या खेळात उतरायला तयार होतो. सर्व्हिसवर वेळ घालवावा, कारण बाकीचा प्रत्येक फटका समोरच्यावर अवलंबून असतो आणि सर्व्हिस तेवढी एकट्याने, चेंडूंची टोपली घेऊन, रिकाम्या कोर्टवर घोटता येते.

पाचवा टप्पा : खुला खेळ

क्लबचा आत्मा या ठरलेल्या वेळी असतो, त्यामुळे इथे थोडे सविस्तर सांगणे योग्य होईल. खुल्या खेळात आधी जोडीदार ठरवून यायचे नसते. जे येतील त्यांच्यातून चौघे-चौघे निवडून दुहेरी लावली जाते. अनेक क्लबमध्ये त्यासाठी खिळ्यांचा एक फलक असतो. प्रत्येक सभासदाच्या नावाची छोटी पाटी असते. आलात की आपली पाटी रांगेच्या शेवटच्या खिळ्याला अडकवायची, कोर्ट मोकळे झाले की पहिल्या चार पाट्या उचलून त्या कोर्टाच्या खिळ्यांवर लावायच्या आणि खेळून झाले की आपली पाटी पुन्हा शेवटी नेऊन ठेवायची. नव्या सभासदाच्या नावाची पाटी अजून झालेली नसते, तेव्हा कोणीतरी कोऱ्या पाटीवर खडूने नाव लिहून देते. हे साधे लाकूड फार उपयोगाचे आहे, कारण त्याच्यामुळे क्लबच्या उत्तम खेळाडूला नवख्यासोबत खेळणे टाळता येत नाही आणि नवख्याला कोणाची विनवणी करावी लागत नाही.

कोर्टवर गेल्यावर प्रथम आपले नाव सांगावे आणि आपण नवीन आहोत हेही सांगावे. नंतर पाच मिनिटे हात मोकळे करण्याची रीत आहे. यात चेंडू समोरच्याला घेता येईल असा मारायचा असतो; काही नवखे याच पाच मिनिटांत गुण मिळवू पाहतात आणि आपल्याविषयीचे मत खराब करून घेतात. आधी सर्व्हिसच्या चौकटीत उभे राहून हलके फटके, मग बेसलाइनवरून, मग जाळीजवळ येऊन व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायचे फटके, आणि शेवटी दोन-चार सर्व्हिस, असा क्रम असतो.

गुण मोजण्याची पद्धत ऐकायला विचित्र असली तरी दोन दिवसांत जमते: लव्ह (म्हणजे शून्य), फिफ्टीन, थर्टी, फॉर्टी आणि मग गेम. दोघेही फॉर्टीवर आले की ड्यूस, त्यानंतर लागोपाठ दोन गुण घ्यावे लागतात. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्वतःचे गुण प्रथम उच्चारून मोठ्याने गुणसंख्या सांगायची असते. नवखा माणूस हेच लाजून टाळतो, आणि मग चौथ्या गुणाला कोणाचे किती यावरून चौघेही एकमेकांकडे पाहत राहतात. सहा गेम आणि किमान दोन गेमची आघाडी म्हणजे सेट. ६-६ झाल्यावर टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम. टायब्रेकमध्ये पहिला खेळाडू एकच सर्व्हिस करतो, त्यानंतर प्रत्येक जण दोन-दोन, आणि दर सहा गुणांनी बाजू बदलतात. पहिल्या सर्व्हिसचा हा एकुलता गुण विसरल्यामुळे होणारा गोंधळ मी अनुभवी खेळाडूंकडूनही झालेला पाहिला आहे. खुल्या खेळात मात्र बाहेर लोक थांबलेले असल्याने बहुधा चार गेमपर्यंतच खेळतात किंवा वेळ लावतात, आणि ड्यूसला एकच निर्णायक गुण घेतात. सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे तेव्हा घेणाऱ्या जोडीने ठरवायचे असते.

क्लबच्या खेळात पंच नसतो, म्हणून चेंडू आत की बाहेर हे ज्याच्या बाजूला तो पडला त्यानेच सांगायचे असते. नियम स्पष्ट आहे: रेषेला स्पर्श झालेला चेंडू आत, आणि शंका असेल तर तो प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने आत. "नीट दिसला नाही, पुन्हा खेळू" हे म्हणायला सोयीचे असले तरी बरोबर नाही. दिसला नसेल तर गुण समोरच्याचा. मातीच्या कोर्टवर ठसा पाहता येतो, पण आपल्याच बाजूचा. जवळच्या कोर्टावरचा चेंडू आपल्या खेळात घरंगळत आला तर लगेच "लेट" म्हणून खेळ थांबवावा, कारण पायाखाली आलेल्या चेंडूने घोटे दुखावतात. आपला चेंडू शेजारी गेला तर त्यांचा गुण संपेपर्यंत थांबावे आणि त्यांच्या कोर्टामागून धावत जाऊ नये.

जोडीदाराची क्षमा मागणे कमी करावे. नवखा प्रत्येक चुकीनंतर "सॉरी" म्हणतो आणि जोडीदाराला प्रत्येक वेळी त्याची समजूत काढावी लागते. अर्ध्या तासात दोघेही थकतात. एकदा सुरुवातीलाच हसून सांगून टाकावे आणि पुढे खेळावे. दुहेरीत नवख्याने एक काम केले तरी पुरते: सर्व्हिस परत करताना चेंडू जाळीजवळच्या प्रतिस्पर्ध्यापासून दूर, तिरका मारावा.

सहावा टप्पा : शिडी, गट आणि संघ

तीन-चार महिन्यांनी सामन्यांकडे वळावे. क्लबच्या शिडीत सगळ्या खेळाडूंची नावे क्रमाने लावलेली असतात आणि आपल्यापेक्षा दोन किंवा तीन जागा वर असलेल्याला आव्हान देता येते; जिंकलात तर जागांची अदलाबदल होते. शिडीचा दोष असा की ज्याला आव्हान द्यायला संकोच वाटतो तो वर्षभर तळाशीच राहतो. त्यापेक्षा गट साखळी नवख्याला सोयीची पडते. पाच-सहा जणांचा गट, महिना-दीड महिन्याची मुदत, प्रत्येकाने प्रत्येकाशी एक सामना आणि मुदत संपली की वरचे एक-दोघे वरच्या गटात, खालचे एक-दोघे खालच्या गटात. दूरध्वनी क्रमांक आयतेच हाती येतात आणि फोन करण्याला कारणही असते. पहिल्या गटात सगळे सामने हरलात तरी पाच माणसे ओळखीची झालेली असतात, आणि पुढच्या गटात तुमच्याच ताकदीचे खेळाडू भेटतात.

स्वतःची पातळी आकड्यात जाणून घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची जागतिक टेनिस क्रमांक नावाची पद्धत आहे. तिच्यात ४० हा आकडा अगदी नवख्याचा आणि १ हा व्यावसायिक खेळाडूंचा, आणि एकेरी व दुहेरीचे आकडे वेगवेगळे असतात. सामन्यांची नोंद होत गेली की आकडा बदलतो. त्याचा खरा उपयोग दुसऱ्या गावच्या क्लबमध्ये गेल्यावर तिथल्या माणसाला आपण कसे खेळतो हे एका शब्दात सांगण्यासाठी होतो.

क्लबच्या संघात निवड व्हावी अशी इच्छा असेल तर कर्णधाराला तसे सांगून ठेवावे. आयत्या वेळी एखादा खेळाडू येऊ शकत नाही आणि कर्णधार ज्याचा फोन लगेच लागतो त्याला बोलावतो. अनेकांची संघातली सुरुवात अशीच होते.

कुटुंब आणि शारीरिक मर्यादा

ज्यांचे गुडघे आता एकेरी सोसत नाहीत त्यांच्यासाठी दुहेरी आहे आणि ती उतारवयातही खेळता येते. चाकाच्या खुर्चीवरील टेनिसची सुरुवात १९७६ साली अमेरिकेत ब्रॅड पार्क्स यांनी केली. त्यात चेंडूचे दोन टप्पे पडू देता येतात, पैकी दुसरा रेषेबाहेर पडला तरी चालतो, आणि बाकी कोर्ट, जाळी, चेंडू सगळे तेच. त्यामुळे खुर्चीवरचा खेळाडू आणि पायांवर उभा असलेला खेळाडू एकमेकांसमोर किंवा एकाच जोडीत खेळू शकतात. एकाला दोन टप्पे, दुसऱ्याला एक. क्लबच्या फाटकाला उंबरठा आहे का आणि फाटक पुरेसे रुंद आहे का, एवढे आधी पाहून घ्यावे.

सातवा टप्पा : कोर्टाची निगा आणि सभासदाचे काम

मातीच्या कोर्टवर खेळ संपला की जाळे किंवा झाडू ओढून कोर्ट सारखे करणे हे खेळाडूंचेच काम असते. नवखे लोक रेषांच्या आतलाच भाग ओढतात. खरे तर घसरत्या पावलांनी माती बाहेरच्या बाजूला लोटली जाते, म्हणून कुंपणाजवळून सुरुवात करून गोल गोल आत यावे, म्हणजे माती परत मध्ये येते. मग रेषा झाडाव्यात आणि कोर्ट कोरडे पडले असेल तर पाणी मारावे. ओलावा गेला की वरची माती सुटते आणि टप्पा कसाही पडू लागतो. हे सगळे पाच-सात मिनिटांचे काम असून ते आपल्या आरक्षित वेळेतच संपवायचे असते, पुढच्यांच्या वेळेत नाही.

वर्षातून एक-दोनदा स्वच्छता, रंगकाम, जाळ्यांची दुरुस्ती यांसाठी सभासदांना बोलावले जाते. अशा दिवशी आवर्जून जावे. एरवी कोर्टवर ज्यांच्याशी बोलायचे धाडस होत नाही असे खेळाडू त्या दिवशी हातात कुंचला घेऊन शेजारी उभे असतात, आणि पुढच्या आठवड्याचा खेळ तिथेच ठरतो.

वर्ष संपताना

नूतनीकरणाची वेळ आली की आपली आरक्षणे उघडून बसावे आणि दोन गोष्टी मोजाव्यात: वर्षभरात किती वेळा खेळलो आणि किती वेगवेगळ्या माणसांसोबत खेळलो. पहिला आकडा लहान असेल आणि बहुतेक खेळ कमी गर्दीच्या वेळांत झाला असेल, तर स्वस्त सभासदत्व घ्यावे. दुसरा आकडा तीन-चारच्या पुढे गेला नसेल, तर क्लब बदलण्याआधी एकदा खुल्या खेळाला सलग सहा आठवडे जाऊन पाहावे; त्यानंतरही तीच माणसे तेच कोर्ट धरून असतील तर दुसरा क्लब पाहायला हरकत नाही. वर्गणीची मुदत उलटल्यास काही क्लबमध्ये प्रवेश शुल्क नव्याने भरावे लागते, त्यामुळे शेवटची तारीख खजिनदाराकडून आधीच लिहून घ्यावी.